टाळूवरचा काळा डाग

बुरशी म्हणजे शिळ्या भाकरीवर येते ती, एवढंच मला माहीत होतं. ती माझ्या तोंडात आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट.

रक्ताच्या कॅन्सरवर कोल्हापुरातच उपचार चालू होते. औषधांनी केस गेले, पांढऱ्या पेशी पार खाली आल्या आणि ताप उतरेना. मग उजवा गाल सुजला. एका सकाळी डॉक्टरांनी बॅटरी मारून तोंडात पाहिलं आणि लगेच मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. टाळूवर काळा डाग पडला होता. अंगात झुंजायला पेशीच उरल्या नाहीत, म्हणून बुरशी नाकातून आत शिरली, असं त्यांनी आईला समजावलं.

मला आठवतो तो वास. कपाटामागं उंदीर मरून पडावा तसा, आणि तो माझ्याच श्वासातून येत होता. गिळलेल्या थुंकीलाही तीच चव. शिवाजी पेठेतून आत्या भेटायला आली, ती नाकाला पदर लावून दारातच थांबली. पोरीच्या तोंडावर फडकं तरी टाक, असं तिनं माझ्याकडं न बघता आईला सांगितलं. मला तिची किळस आली, आणि तिच्यापेक्षा जास्त माझी.

आई सारखी ओल्या कापसानं माझं तोंड पुसायची. एकदा पुसता पुसता ती उठली, बेसिनपाशी गेली आणि ओकली. मी ऐकत होते. चूळ भरून, हात धुऊन ती परत आली.

"माझं तोंड कुजलंय व्हय?" मी विचारलं.

"व्हय," आई म्हणाली. "कुजलंय तेवढं काढणार हाईत. आ कर."

ती खोटं बोलली नाही, याचं मला बरं वाटलं.

सलाईनमधून बुरशीवरचं पिवळसर औषध चढायचं. ते सुरू झालं की हुडहुडी भरून मी पलंगासकट थडथडायचे. नंतर ऑपरेशन झालं, अर्धी टाळू गेली. पहिल्यांदा पेज पाजली तर ती शेंबडासकट नाकातून बाहेर आली आणि हनुवटीवरून ओघळली. मी वाटी भिरकावली. पुढं दातांच्या डॉक्टरांनी भोक झाकायला कवळीसारखी पट्टी बसवली. ताप गेला. हळूहळू कॅन्सरही गेला.

पट्टी रोज काढून घासावी लागते. लग्न होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी नवऱ्यासमोर मी ती काढत नाही. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी काम उरकते. आमच्या बेसिनवर आरसा नाही.