हद्दीपलीकडचं बिऱ्हाड

म्हसवडच्या रंगुबाईनं चाळीस वर्षं घोड्यावर बिऱ्हाड लादून मुलूख तुडवला आणि पुढची सहा वर्षं पत्र्याच्या एका खोलीत बसून काढली. सून वारली तेव्हा नात सोनिया सात वर्षांची होती. मुलीच्या मामानं साताऱ्याच्या कोर्टात अर्ज केला: बाप बिराप्पा मेंढ्यांमागं हिंडणारा, पोर सांभाळणार कोण? कोर्टानं रंगुबाईला पालक नेमलं, पण अट घातली. मुलगी एकाच घरात राहील, जिल्ह्याबाहेर जाणार नाही, दर तीन महिन्यांनी कोर्टात हजर होईल.

दिवाळी झाली की बिराप्पा सांगलीकडं उतरायचा. आजी-नात मागं राहायच्या. खोली हलत नव्हती. रंगुबाईला त्याचंच भय वाटे.

या वर्षी बिराप्पानं मुलीचा ताबा परत मागितला. वकील म्हणाले, "मेंढ्या विकल्या म्हणून सांगा."

"मग खायाचं काय? तुमचा काळा डगला?" रंगुबाई म्हणाली.

कोर्टात न्यायाधीश बाईंनी तिलाच विचारलं, "आजी, तुम्ही सगळे मेंढ्यांमागे गेल्यावर मुलगी कुणाजवळ?"

"आवं बाईसाहेब, आमी बाया मेंढरांमागं कवा जातो? मेंढरं गडी राखत्यात. आमी सकाळीच पोरं अन् बिऱ्हाड घेऊन फुडं जातो. मेंढरं पोचायच्या आधी चूल पेटल्याली असती."

बाईंचं पेन थांबलं. सहा वर्षांच्या कागदांत हे कुठंच नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"आणि शाळा?"

सोनिया उठली. "सांगलीकडच्या आदगोंडाकाकांच्या रानात खतासाठी आमच्या मेंढ्या बसतात. त्यांच्या गावातल्या शाळेत जाणार. शिक्षण हमी कार्ड काढलंय, ते दाखवलं की दुसऱ्या गावातही शाळेत घेतात."

दुपारी निकाल झाला. पालकत्व संपलं, कोर्टाची देखरेख संपली, मुलगी बापाच्या हवाली.

रंगुबाईनं सवयीनं विचारलं, "फुडली तारीख कवा?"

"आता तारीख नाही, आजी."

"एकबी न्हाई?"

"एकही नाही."

ती एवढ्या मोठ्यानं हसली की शिपाई म्हणाला, "आवं आजी, गप बसा."

"सा वर्सं गपच हुते रं गड्या!"

तिसऱ्या दिवशी सकाळी बिराप्पाला मेंढ्यांसोबत मागं ठेवून, बिऱ्हाड लादलेल्या घोड्याचा लगाम धरून सोनिया दिघंचीच्या वाटेला लागली. सांगली जिल्ह्याच्या पाटीपाशी तिचे पाय थबकले. दर वर्षी बापाला इथवर पोचवून ती मागं वळायची.

"चल की! आता कुणाला इचारायचं हाय?" मागून रंगुबाई म्हणाली.

सोनिया चालू लागली, मग पळू लागली. घोडं दुडकत सुटलं, भांडी खणखणली. आणि रंगुबाई, सत्तरीची, लुगड्याचा काष्टा आवळून दोघांच्या मागं धावत सुटली.