पावणं आणि दहा पिना

कोल्हापुरात राहायला आलो त्या आठवड्यात तीन जणांनी एकच प्रश्न विचारला: तुमची तालीम कुठली? विचारणारे होते घरमालक, केस कापणारा आणि गॅसची टाकी आणून देणारा. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, पण इथं ती फुटबॉलचा संघ, गणपतीचं मंडळ आणि माणसाचा पत्ताही असते. माझी कुठलीच नव्हती. मी नाशिकचा, पत्नीची बदली झाली म्हणून आलेला. वर्तमानपत्राच्या डेस्कवर वीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या चुका काढल्या होत्या, तेच काम आता संध्याकाळी घरून करत होतो. सकाळ मोकळी होती.

उचगावकडे जाताना एका मॉलच्या वरच्या मजल्यावर बोलिंगच्या चार लेन आहेत. जड चेंडू तेल दिलेल्या लाकडी पट्टीवरून सोडायचा आणि टोकाला उभ्या असलेल्या दहा पिना पाडायच्या. या खेळाला तरी तालीम लागत नसावी, असा अंदाज करून मी गेलो.

सकाळी तिथं दोनच माणसं खेळत. एक वस्ताद. शिवाजी पेठेत त्यांनी पोरांच्या दोन पिढ्यांना कुस्ती शिकवली होती. गुडघे गेल्यावर डॉक्टरांनी आखाडा बंद केला, तेव्हा नातवानं इथं आणून सोडलं. ते रेषेमागे खांबासारखे उभे राहत, मांडीवर शड्डू ठोकत आणि चेंडू नुसता सोडत. शड्डूनं पिना आधीच निम्म्या पडतात, असं त्यांचं मत होतं. दुसऱ्या काकू, उचगावच्या. मॉलमधल्या हॉटेलांना दूध घालून झालं की किटल्या काउंटरमागे ठेवायच्या, पदर खोचायचा, भाड्याचे बूट चढवायचे आणि दोन डाव टाकून घरी जायचं, असा त्यांचा क्रम. त्यांचा चेंडू वाटेत कुणाशी बोलत चालल्यासारखा सावकाश जाई आणि आठ-नऊ पिना पाडी.

"कुठलं पावणं?" वस्तादांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"नाशिक."

"लांबनं आलासा की. बसा, बसा. ए, चहा सांग पावण्यांना."

चहा आला. पहिला कप मला मिळाला. पुढचे आठ महिने पहिला कप मलाच मिळत होता.

लेनच्या तोंडाशी एक काळी रेषा असते. चेंडू सोडताना पाय तिच्यापलीकडे गेला तर तो फाऊल, त्या चेंडूनं पाडलेल्या पिना धरत नाहीत. हे ओळखणारं यंत्र इथं बंद होतं. त्यामुळे फाऊल धरण्याचं काम आरडाओरड्यावर चालत असे.

"वस्ताद, पाय घासटला तुमचा."

"माझा? तुझ्या म्हशीचा घासटला असंल."

"म्हशीला रेघ कळती, वस्ताद."

हे रोज चाले, दोघांपैकी कुणाचाच पाय कधी रेषेला लागत नसताना. माझा चेंडू गेला की मात्र दोघं एका सुरात म्हणत, "बेस्ट, पावणं!" चेंडू कडेच्या गटारात गेला तरी बेस्टच. माझ्याशी कुणी भांडत नव्हतं. लेनवर नाही आणि गल्लीतही नाही. पत्नी महिन्याभरात गल्लीची वैनी झाली. भाजीवाली आपल्याला वाट्टेल ते बोलते, हे तिनं मला अभिमानानं सांगितलं. मला तीच भाजीवाली न मागता कोथिंबीर देत असे.

नवरात्रात मी विषय काढला. "वस्ताद, आता पावणं म्हणायचं बंद करा."

"मग काय म्हणू?"

"त्ये मिळवावं लागतंय," काकू म्हणाल्या. "खंडेनवमीला डाव घालू. तुम्ही आणि वस्ताद. जिंकलासा तर बंद. हरलासा तर पुढच्या दसऱ्यापतूर पावणंच."

मी तयारी केली. फोनवर व्हिडिओ पाहिले. चार पावलं आणि शेवटी डाव्या पायावर घसरत चेंडू सोडणं, अशी पद्धत होती. ती मला आधीपासून येत होती, आता मी घसरण वाढवली. घरातल्या पॅसेजमध्ये पायमोजे घालून सराव केला. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दोनदा वर येऊन गेले आणि दोन्ही वेळा "चालू द्या पावणं" म्हणून परत गेले.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. ज्याचं पोट ज्यावर, ते त्याचं हत्यार. काउंटरवाल्यानं पिना उभ्या करणाऱ्या यंत्राला झेंडूची माळ घातली होती, चेंडू धुऊन त्यांना हळदकुंकू लावलं होतं. काकूंनी घरून रांगोळीचा डबा आणला होता. आमच्या लेनवर काळ्या रेषेला लागून पलीकडे त्यांनी रांगोळीची एक बारीक, सरळ रेघ ओढली. तेलाच्या लाकडावर रांगोळी टाकू नये, हे काउंटरवाल्याला माहीत होतं. काकूंना ते सांगणं त्याला जमलं नाही.

डाव सुरू झाला. वस्ताद शड्डू ठोकून सात-आठ पिना काढत होते. मी धावत जाऊन घसरत होतो आणि वळून थेट पडद्यावरचा आकडा बघत परत येत होतो. बऱ्याचदा त्यानंतर काकू डबा घेऊन पुढं जात आणि वाकून रेघ नीट करत. त्यांची श्रद्धा पाहून बरं वाटलं. सणाच्या बातमीत टाकायला चांगला तपशील आहे, असंही मनात येऊन गेलं.

शेवटच्या चेंडूला मला जिंकायला नऊ पिना हव्या होत्या. नऊ पडल्या. मी एकशे एकतीस, वस्ताद एकशे तीस. मी दोन्ही हात वर केले.

"बेस्ट," काकू म्हणाल्या. "आता जोडा बघा."

डाव्या बुटाचं टोक पांढरं झालं होतं. रेषेपाशी, मी नुकताच जिथं थांबलो होतो तिथं, रांगोळी हातभर पुसली गेली होती.

"अकरा," वस्ताद म्हणाले. "अकरा येळा रेघ पुसली पावण्यांनी. मी मोजतोय."

"आजच झालं असेल," मी म्हणालो.

"आज?" काकू डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "आठ म्हयनं झालं की! पयल्या दिवसापासनं फाऊल हाय तुमचा. एकदा तर पिना जवळनं पाडाव्यात म्हणून तितंच चालत निघालासा काय, असं वाटलं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

वस्तादांना हा प्रश्न कळलाच नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. "पावण्यांचा फाऊल कोण धरतंय? आमच्यात तशी रीत न्हाय."

"आणि आज धरलात?"

"तुम्हीच म्हणालासा की, पावणं म्हणू नका. आदी हिशोब दावून बघावा म्हटलं, तुमास्नी झेपतोय का."

अकरा चेंडूंच्या पिना काकूंनी तिथंच तोंडी वजा केल्या. अठ्ठेचाळीस उरल्या. मी त्या पुन्हा मोजल्या, सवयीनं. त्या अठ्ठेचाळीसच होत्या. मी हरलो असं म्हणालो, मोठ्यानं, कारण चूक छापली की खुलासा त्याच पानावर द्यावा लागतो. काउंटरवाला फडकं घेऊन आला. ते मी त्याच्या हातातून घेतलं आणि लेन पुसली. तेलात कालवलेली रांगोळी निघायला वेळ लागतो.

ठरल्याप्रमाणे मी आणखी वर्षभर पावणंच राहायला हवं होतं. दसऱ्यानंतर गेलो तेव्हा ती तयारी करूनच गेलो होतो. चार पावलं टाकली, घसरलो, चेंडू सोडला. सात पिना पडल्या.

"फाऊल!" काकू ओरडल्या. चारही लेन ओलांडून आवाज काउंटरपर्यंत गेला. "डोळं फुटल्यात काय रं तुझं? एवढी काळी रेघ दिसंना व्हय?"

"माझा पाय अलीकडे होता," मी म्हणालो.

"अलीकडं? मग ह्यो कुणाचा पाय, माझा?" वस्ताद खुर्चीतून उठले. "काढ त्या सात पिना. लबाड कुठला."

मी भांडलो. बराच वेळ भांडलो, आणि पाय रेषेपलीकडे होता हे मला माहीत होतं. तेवढ्यात चहा आला. पहिला कप वस्तादांनी घेतला, दुसरा काकूंनी, तिसरा काउंटरवाल्यानं. माझ्या वाट्याला आला तेव्हा तो अर्धा होता आणि गार झाला होता.