तीन फुटांची वाट

नवऱ्याला सांगितलं नाही. आईला सांगेन सांगेन म्हणता ती गेली. सहा वर्षं हे पोटात ठेवलंय, आणि आज तुमच्यापुढे बोलतेय ते धाडस आलं म्हणून नव्हे — तुम्ही आमच्या घरातले नाही, एवढ्याचसाठी.

मी हुबळीजवळ तारिहाळला एका कारखान्यात नकाशे काढते. म्हणून भाचीच्या, पल्लवीच्या रिसेप्शनचा हॉल कसा मांडायचा हे अण्णानं माझ्यावर सोपवलं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. जुन्या हुबळीत कापडाचं दुकान, चारचौघांत मान. घरात मात्र — घरात त्याचा हात चालायचा. मी एकोणीस वर्षांची असताना कुणीतरी मला एका मुलाबरोबर पाहिलं. अण्णानं केसांना धरून ओढत घरी आणलं, माझा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. ही सबब आहे का? नाही. पण तुम्हाला माहीत असावं.

वहिनीलाही तो मारायचा. एकदा तिचा भाऊ सुरेश जाब विचारायला आला, तर अण्णानं दुकानाचं कुलूप त्याच्या तोंडावर फेकलं. दोन दात पडले. रक्त पुसत सुरेश म्हणाला, "दाजी, पुन्हा माझ्या हाताला लागलात तर सोडणार नाही."

पण मुलीच्या लग्नाला सख्ख्या मामाला टाळणार कसं? वहिनीनं माझे हात धरले. "वन्सं, या दोघांची गाठ पडणार नाही असं काहीतरी करा."

मी केलं. सुरेशचं टेबल मोठ्या दाराजवळ, अण्णाची ये-जा स्टेजपाशी. मधोमध नाचायची जागा, डीजे. पोरांना चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि गरम मिरची भजी हॉलमध्येच हवी होती, तर कढई लांब भिंतीला. सगळीकडे सहा फुटांची वाट. सुंदर नकाशा होता तो.

मग मी दुसरा काढला.

का? मला अण्णाला मार खाताना बघायचं होतं. लोकांसमोर. एवढंच. स्टेजवरून जेवणाकडे जायच्या वाटेवर मी सुरेशचं टेबल आणलं, समोर कढई आणली, वाट तीन फुटांवर आणली. तो कागद डेकोरेशनवाल्या बसवराजला दिला. साधा माणूस. म्हणाला, "अक्का, वाट सण्ण आगतद री." अरुंद होतेय, म्हणाला. मी म्हटलं, "असू दे. गर्दी दिसायला हवी." आणि मांडणी झाल्यावर, दुपारीच, तो कागद परत मागून घेतला आणि फाडला. पहिला कागद पर्समध्ये ठेवला. बघा — किती विचार केला होता मी.

पोरं नाचात रंगली होती. अण्णा व्याह्यांना जेवायला घेऊन निघाला आणि त्याचा खांदा सुरेशला लागला. अण्णा म्हणाला, "आलास का फुकटचं गिळायला?" सुरेशनं त्याच्या नाकावर ठोसा मारला. हाड मोडल्याचा आवाज डीजेमध्ये ऐकू आला नाही, पण मी बघत होते. रक्त अण्णाच्या नव्या रेशमी शर्टावर उतरलं.

मला बरं वाटलं. हेही लपवत नाही — फार बरं वाटलं.

अण्णानं खुर्ची उचलून सुरेशच्या डोक्यात घातली. सुरेशनं त्याचा गळा धरला. आणि वहिनी मध्ये शिरली. ती मध्ये पडणार हे मला माहीत नव्हतं का? आयुष्यभर ती दुसरं काय करत आली होती? तीन फुटांत तिघं. धक्का बसला, कढई उलटली. उकळतं तेल वहिनीच्या मानेवरून, दंडावरून खाली गेलं. ती किंचाळली तेव्हा डीजे बंद पडला.

अण्णानं बसवराजची कॉलर धरली. "कढई इथं कुणी ठेवली?"

"नानल्ल, नानल्ल," मी नव्हे, असं तो म्हणत राहिला. मग माझ्याकडे वळला. "अक्का, नीव हेळरी." तुम्ही सांगा.

मी पर्समधून पहिला कागद काढला. म्हटलं, "मी तर सहा फूट दिले होते."

आमच्याच माणसांनी त्याला खुर्च्यांनी मारलं. त्यानं डोक्यावर धरलेला हात कोपरात मोडला. मी कागद घडी करून परत पर्समध्ये ठेवला.

वहिनी दीड महिना दवाखान्यात होती. सुरेशवर केस झाली. अण्णाचं नाक सुधारलं, लोक विचारपूस करायला रांगेनं आले, त्याचा मान उलट वाढला. वहिनी अजून म्हणते, "वन्सं, तुम्ही बिचाऱ्यांनी किती नीट आखून दिलं होतं."

बसवराजचा हात वाकडाच जुळला. शिडीवर चढणं संपलं. मेव्हण्याच्या लाकडाच्या अड्ड्यावर राखण करायला तो अळणावरला गेला, एवढं कानावर आलं होतं.

गेल्या वर्षी अळणावर स्टेशनवर तो दिसला. मी तोंड फिरवायच्या आत त्यानं ओळखलं. एक हात वर आला, दुसरा अर्ध्यातच थांबला — तरी नमस्कार केला.

"अक्का, आराम अदीरी?" बऱ्या आहात ना?

"आराम," मी म्हटलं, आणि गाडीत चढले.