ब्रीझे वेर्दिएरची दूधयोजना

आम्ही तीन-चार रिटायर झालेले लोक अजूनही आमच्या बेटावरच्या क्युरपिप गावात एकाच्या घरी जमतो. बाहेर पाऊस असतोच. चहा होतो आणि कोणीतरी म्हणतं, "अरे, ती दूधयोजना आठवते का?" झालं! पुढचे दोन तास गेले. त्या फायली कधीच कसर लागून संपल्या, पण किस्से संपत नाहीत. दर वेळी एखादा नवा निघतो. पूर्वी आम्ही पोट धरून हसायचो. आता सांगता सांगता मधेच कोणीतरी चहा ठेवायला उठतं.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. आमचं सरकारी ऑफिस मोका गावात. म्हणायला मोक्याचं ऑफिस, पण मोक्याचं काम तिथे फारसं झालं नाही! दुसऱ्या देशात जे चाललं ते आपल्या बेटावर चालवून दाखवायचं, एवढंच आमचं काम. साहेब होते मिस्ये रोबेर. 'मिस्ये' म्हणजे आमच्या क्रेओलमधलं, बेटावरच्या सगळ्यांच्या बोलीतलं, 'श्रीयुत'. मी, विष्णू भिवाजी, धाकटा अधिकारी. पुण्यात तीन वर्षं शिकून आलो होतो, म्हणून 'इंडियाची माहिती असलेला माणूस'.

तेव्हा भारतात एका भागातल्या गावोगावच्या बायकांनी दुधाच्या सोसायट्या काढून दलालांना हाकलून दिलं होतं. खरंच मोठं काम होतं ते. मिस्ये रोबेर आठ दिवस जाऊन बघून आले आणि टेबलावर हात आपटून म्हणाले, "आपल्याकडे गायी आहेत, बायकाही आहेत. मग अडचण काय?"

*

भारतातून दोन वर्षांसाठी देशपांडेसाहेब आले. गुरांचे डॉक्टर. सरळ, कष्टाळू माणूस. गायीच्या पाठीवर हात ठेवून तिच्याशी बोलणारा.

पहिली सभा ब्रीझे वेर्दिएर गावात, आमच्या मराठी लोकांच्या देवळासमोर. देशपांडेसाहेब खूश! "भिवाजी, आज तुमची गरज नाही. आपलीच माणसं आहेत!"

मग अर्धा तास त्यांनी भाषण केलं. "भगिनींनो, संघटित दुग्धोत्पादनातून आर्थिक स्वावलंबन साध्य करणे, हे आपले उद्दिष्ट आहे..." बायका डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून ऐकत होत्या. एकही उठली नाही. साहेबांचे डोळे पाणावले.

पहिल्या रांगेत द्रौपदीकाकी होती. माझ्या आईच्या नात्यातली, एका गायीवर घर चालवणारी विधवा बाई. भाषण संपल्यावर तिने साहेबांना वाकून नमस्कार केला आणि मला विचारलं, "विष्णू, भटजींनी कथा लई चांगली सांगितली रे. आता परसाद कवा वाटनार?"

परतताना साहेबांनी गाडीत भाषणाचा कागद पुन्हा वाचून काढला. शेवटी म्हणाले, "अहो, मी मराठीतच बोललो ना?"

"मराठीतच बोललात, साहेब. पण यांची मराठी शंभर वर्षांपूर्वी बोटीत बसून इकडे आली. तुमची नंतर शाळेत गेली."

*

पुढच्या वेळी आम्ही फिल्म नेली. पडद्यावर भारतातलं गाव. शेकडो बायका डोक्यावर दुधाची भांडी घेऊन रांगेत उभ्या. साहेब अभिमानाने बघत होते.

दिवे लागले. "काही विचारायचंय?"

द्रौपदीकाकी उठली. "एवढ्या बाया आपलं दूध तितं घालत्यात. मंग त्यांची पोरं काय पीत्यात?"

साहेब काकीजवळ आले. मग हळूच विचारलं, "तुमची काय पितात?"

"डब्यातली पावडर," काकी म्हणाली. "बोटीनं येती ती."

मिस्ये रोबेरना रिपोर्ट हवा होता. मी लिहिलं, 'सभेत उत्साहपूर्ण चर्चा झाली.'

*

योजनेच्या कागदात दलालावर अख्खा एक परिच्छेद होता. 'उत्पादक आणि ग्राहक यांच्यामध्ये बसलेला शोषक घटक दूर करणे.' भारतातल्या कागदावरून मीच उतरवला होता. इंग्रजी सुरेख जमलं म्हणून शाबासकीही मिळाली होती.

एक दिवस साहेब म्हणाले, "भिवाजी, इथला दलाल दाखवा तरी. बोलून बघू त्याच्याशी."

मी त्यांना रस्त्याच्या वळणावर घेऊन गेलो. ऊस दोन्हीकडून अंगावर आला होता. त्यातून एक सायकल आली. मागे दोन कॅन, हँडलला एक पिशवी. सायकलवर गंगाराम दूधवाला, खांदे फाटलेला रेनकोट घातलेला. त्याची स्वतःची एकच गाय. तिचं दूध आणि शेजारच्या सात-आठ घरांचं दूध गोळा करून तो फ्लाक गावापर्यंत घरोघरी घालायचा. पिशवीत कोणाचं औषध, कोणाची चिठ्ठी, एका म्हाताऱ्या मास्तरीणबाईसाठी पाव.

"हा?" साहेब म्हणाले.

"हाच."

गंगारामने टोपी काढली. गावात कुजबुज पोचलीच होती. "साहेब, मला मधनं काढनार म्हनत्यात. मी मधी हाय कुठं? मी तर सायकलवर हाय!"

मी हसलो. साहेब हसले नाहीत. मोक्याला पोचल्यावर म्हणाले, "तो परिच्छेद काढा." मी मिस्ये रोबेरकडे गेलो. ते म्हणाले, "आता कसा काढणार? मंजुरी त्याच परिच्छेदावर मिळालीय!"

योजनेच्या सभासदांनी दूध आमच्या नव्या संकलन केंद्रावरच घालायचं, असा नियम झाला. गंगारामचा दुधाचा परवाना गेला. पुढे कित्येक दिवस तो सकाळी रिकामे कॅन लावून आपल्या घरांवरून फिरायचा. लोक त्याला चहा द्यायचे, तो औषधाच्या बाटल्या पोचवायचा. मग एक दिवस यायचा बंद झाला. मास्तरीणबाई दोन दिवस पावासाठी खिडकीत बसून होत्या, असं नंतर कळलं. आमच्या रिपोर्टात त्याच्यासाठी रकाना नव्हता.

*

आता गोठ्याचा किस्सा. हा सांगताना अजूनही आमच्यातला एक जण उभा राहून गायीची नक्कल करतो.

आमच्याकडे गायी अंधाऱ्या, बंद झोपड्यांत ठेवतात. बाहेरून आलेला माणूस दचकतोच. देशपांडेसाहेबही दचकले. "अहो, जनावराला हवा नको? उजेड नको?" मग भारतातल्या नकाशाबरहुकूम आदर्श गोठा बांधायला घेतला. उंच छप्पर, चारही बाजू मोकळ्या.

काकी बघायला आली. "मूस येतील," ती म्हणाली. मूस म्हणजे माशी. उसाच्या पाल्यात वाढते आणि सुईसारखी चावते.

"स्वच्छता ठेवली की माश्या येत नाहीत, काकी."

"या येत्यात, बाबा. अंधाराला भित्यात तेवढ्या."

साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी ऑफिसला लिहिलं, जरा थांबू या, एक पावसाळा बघू या. पण मिस्ये रोबेरांनी उद्घाटनाची पत्रिका छापून आणली होती.

उद्घाटनाला मांडव, बँड, फोटोग्राफर. बारा गायींच्या गळ्यात हार. ऊन चढलं आणि माश्या आल्या. आधी शेपट्या, मग पाय, मग दावी तटातट तुटायला लागली! एक गाय हारासकट मांडवात घुसली. पाहुणे खुर्च्यांवर चढले. मिस्ये रोबेर माइकवरून ओरडले, "त्यांना पाच मिनिटं थांबायला सांगा! फक्त रिबन राहिलीय!"

दुसऱ्याच आठवड्यात देशपांडेसाहेबांनी स्वतः शिडीवर चढून चारही बाजूंना गोणपाटं शिवली. काकी खालून सुतळी देत होती. संध्याकाळी आत उभं राहिलं तर हाताला हात दिसेना. हुबेहूब काकीचाच गोठा, फक्त सिमेंटचा.

"तुम्ही मला आधी का नाही अडवलंत, काकी?"

"तुमी शिकलेले. मला वाटलं, माशीला बी सांगून आला असाल."

*

दूध थंड करायचं यंत्र आलं ते मोठ्या देशाच्या मापाचं. आमच्या साऱ्या गावांचं दूध ओतलं तरी त्याचा तळ जेमतेम झाकायचा. अर्धं रिकामं चालवलं की ते बंद पडायचं. मग कोणीतरी तोडगा काढला, बोटीने आलेली पावडर पाण्यात कालवून त्यात घाला! होता होता यंत्रात पावडरच जास्त झाली. विकायच्या दुधाच्या पिशवीवर मात्र ब्रीझे वेर्दिएरच्या गायीचं चित्र.

एकदा काकीच्या घरी गेलो तर तिची सून तीच पिशवी फोडत होती. काकीने चित्राकडे बोट दाखवलं. "वळखलीस? आमचीच हाय. म्हनून घेतलं."

मी चहा घेतला.

*

देशपांडेसाहेबांची दोन वर्षं संपली. शेवटच्या रिपोर्टात त्यांनी सगळं खरं लिहिलं. माशी, यंत्र, आणि नाव घालून गंगाराम. शेवटी लिहिलं, 'चूक माझी आहे. तिथे योजना लोकांनी उभी केली होती, मी इथे फक्त योजना आणली.'

मिस्ये रोबेरांनी वाचलं, चष्मा पुसला. "फार प्रामाणिक माणूस," ते म्हणाले. मग फाइल कपाटात घातली आणि किल्ली खिशात.

विमानतळावर साहेबांनी माझा हात सोडला नाही. "भिवाजी, गंगारामचं काहीतरी बघा हो."

मी हो म्हणालो. सहा महिन्यांनी मी गेलो तेव्हा त्याच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, तेरावं होऊन महिना झाला.

*

ऐंशीचं दशक सुरू झालं. स्वेटरचे कारखाने निघाले, गावातल्या सुना-लेकी बसने तिकडे जायला लागल्या. गवत कापायला घरी कोणी उरेना. मग केंद्रावरून दूध नेणारी गाडी आधी एक दिवसाआड यायला लागली आणि पुढे यायचीच बंद झाली. दूध न्यायला गाडी नाही, सायकलवाला तर आम्हीच घालवलेला. बायकांनी एकेक करून गायी विकल्या. काकीने सगळ्यात शेवटी विकली.

आणि नेमकं तेव्हा पत्र आलं! आपल्याच समुद्रातल्या दुसऱ्या एका बेटाचं सरकार आमची यशस्वी दूधयोजना बघायला अधिकारी पाठवत होतं. त्यांनाही ती न्यायची होती!

"द्रौपदीला तयार ठेव," मिस्ये रोबेर मला म्हणाले. "आणि एक गाय बघ."

मी शेजारच्या गावातून गाय मागून आणली. हो, मीच आणली.

पाहुणी पन्नाशीची बाई होती. काळा कोट, हातात वही. इंग्रजीत बोलायची. मिस्ये रोबेर तिला इंग्रजीतच सगळं समजावत होते. गोठ्यात काकी नवी साडी नेसून गायीशेजारी उभी होती. काकीने पाठीवर हात ठेवला की गाय अंग चोरायची, मागे सरायची.

पाहुणीने मला सांगितलं, "त्यांना विचारा, आम्ही इथून काय न्यावं?"

मी विचारलं. काकीने माझ्याकडे बघितलं. "विष्णू, खरं सांगू, का हापिसातलं सांगू?"

मिस्ये रोबेर हसत होते. त्यांना मराठीचा गंध नव्हता. मी पाहुणीकडे वळलो आणि इंग्रजीत म्हणालो, "त्या म्हणतात, तुमचं स्वागत आहे."

पाहुणीने वही मिटली. गायीकडे बघितलं, काकीच्या हाताकडे बघितलं. मग सरळ काकीच्या जवळ गेली आणि क्रेओलमध्ये बोलली! त्यांच्या बेटावरची क्रेओल, जराशी वेगळ्या हेलाची, पण शब्द न् शब्द कळणारी.

"बाई, तुमची गाय कधी विकलीत?"

काकीचा चेहरा पडला. ती क्रेओलमध्येच म्हणाली, "गेल्या वर्षी."

"माझ्या आईकडे दोन होत्या," पाहुणी म्हणाली. पाहुणीने काकीचा हात धरला होता. मिस्ये रोबेर छपराकडे बघू लागले. मी जमिनीकडे.

मग पाहुणीने कोट नीट केला आणि मिस्ये रोबेरना इंग्रजीत म्हणाली, "फार प्रभावी काम आहे. आम्ही ही योजना नक्की नेणार."

मिस्ये रोबेरांनी टाळ्या वाजवल्या!

मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेलो. दार उघडून धरलं, पण मला राहवेना. म्हणालो, "मादाम, तुम्हांला तर सगळं समजलं."

ती आत बसली. काच खाली केली आणि क्रेओलमध्ये म्हणाली, "भाऊ, साहेब मलाही आहे."