कपाटावरचं चॉकलेट

शहागंजातल्या दुकानात परदेशी चॉकलेट हातात घेतलं. शाकाहाराचा हिरवा ठिपका कुठंच नाही, मागं बारीक अक्षरांत ई-४७१. हा नंबर माझ्या जुन्या ओळखीचा.

सहावीत असताना मैत्रिणीनं, वैशालीनं, मला असंच चॉकलेट दिलं होतं, तिच्या मामानं लंडनहून आणलेलं. अम्मीनं ते न फोडता उलटसुलट पाहिलं. "ह्या नंबरात चरबी असते म्हणं. पण कशाची? डुकराची असली तर?" अब्बांना ठाऊक नव्हतं, इमामसाहेबांनाही नाही. "कळंपर्यंत राहू दे," म्हणत तिनं ते कपाटावर ठेवलं. उन्हाळ्यात ते तिथंच वितळलं, खोलीभर गोड वास सुटला. वैशाली रोज विचारायची, "कसं लागलं गं?" मी रोज खोटं बोलायचे, "लई भारी."

आज उभ्या उभ्या मोबाईलला विचारलं. उत्तर आलं, वनस्पतीची असू शकते, प्राण्याचीही. एवढं तर अम्मीला तेव्हाच माहीत होतं.