वेंगुर्ल्याच्या गाडीतला रुमाल

वेंगुर्ल्याची गाडी फलाटाला लागली, तसा मी बाहेरूनच खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकला. एसटीची ही आपली जुनी रीत. रुमाल पडला की जागा आपली.

याच स्टँडवर एकतीस वर्षं मी माइकवरून गाड्या पुकारल्या. वेंगुर्ल्याचं नाव घेताना रोज मनात म्हणायचो, रिटायर झालो की पहिला या गाडीत बसणार आणि समुद्र बघणार. रिटायर होऊन दोन वर्षं झाली. आज बायकोने दिलेला डबा पिशवीत घालून आलो, आणि रुमाल टाकल्यावर चढायचं सोडून खालीच उभा राहिलो. पाय दुखत नव्हते. समुद्र नकोसा झाला म्हणावं, तर तसंही नव्हतं. कदाचित मला तेव्हा समुद्र नकोच होता, त्या माइकपासून लांब कुठेतरी जायचं होतं. पण मग आज पुन्हा इथेच का आलो?

गाडीतून एका बाईंनी विचारलं, “काका, रुमाल तुमचा ना? येताय का?”

“बसा तुम्ही,” मी म्हटलं.

त्यांनी रुमाल नीट घडी करून खिडकीतून परत दिला. गाडी मागे निघाली, तेव्हा सवयीने ड्रायव्हरला “येऊ द्या, येऊ द्या” म्हणत मी हातही दाखवला.

थोड्या वेळाने त्याच फलाटाला दुसरी गाडी लागली. मी धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला. पाटी वाचायची राहूनच गेली होती.