सुकाणूची तार

दामूच्या विमानाच्या सुकाणूची तार मी उलटी जोडली. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, अगदी बायकोलाही नाही. तुम्हांला सांगतोय, कारण आता लपवण्याचाही कंटाळा आलाय.

विमान म्हणजे खेळण्यातलं, पंख पसरून अडीच हात — पण रेडिओवर चालणारं! साठ-पासष्टच्या डहाणूत असलं काही कुणी पाहिलं होतं? दामू राऊत शाळेत चित्रकला शिकवायचा. बोटीवर नोकरीला असलेल्या मावसभावाने त्याला चिमुकलं इंजिन आणि रेडिओची पेटी आणून दिली. बाकी सगळं आम्हीच घडवायचं. पंख पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे, बिजागऱ्या कापडी पट्टीच्या, सुकाणूची तार सायकलच्या स्पोकची. तारांची जोडणी माझ्याकडे — कारण मी रेल्वेत सिग्नलच्या तारा सांभाळायचो. तारांतला माझ्याइतका जाणकार दुसरा कोण? असं मीच सगळ्यांना सांगत होतो.

बटण एकदा दाबलं की विमान डावीकडे, दोनदा दाबलं की उजवीकडे. तपासायला मी विमानाच्या नाकासमोर उकिडवा बसलो. दामूने एकदा दाबलं, शेपटातलं सुकाणू माझ्या डाव्या हाताला वळलं. "पास!" मी ओरडलो. माझं डावं ते विमानाचं उजवं — एवढंही कळू नये?

ओहोटीला किनाऱ्यावर अर्धी शाळा जमली. विमान उत्तरेला झाईच्या दिशेने, दर्या डाव्या हाताला ठेवून झोकात निघालं, मग जरा दर्याकडे ढळलं. जमिनीकडे वळवायला दामूने दोनदा दाबलं. ते आणखी दर्याकडे. पुन्हा दोनदा — आणि गेलं. पोरं खिदळली. दुसऱ्या दिवसापासून गुरुजींचं नाव पडलं 'दर्यासारंग'.

शेपूट एका होडीवाल्याच्या जाळ्यात आलं. ते त्याने स्टेशनावर माझ्याकडे आणून दिलं. मी तार पाहिली. समजलो. आणि — हेच ते — पक्कड घेऊन ती तोडून टाकली. उरलेलं शेपूट दामूला नेऊन दिलं, वर म्हणालो, "गडबडीत एकदाच दाबलं असशील. होतं असं." केवढा उदार मी!

त्याने ते मानलं. भांडला असता, तर? नाही भांडला. वहिनींना सायकलवर मागे बसवायचंसुद्धा सोडलं त्याने. "माझा हात ऐनवेळी उलटा पडतो," म्हणायचा. मी ऐकायचो, चहा प्यायचो, घरी यायचो.

पुढे मीच दुसरं विमान करू म्हणून त्याच्या मागे लागलो. या खेपेला तार सरळ जोडली की आपलं पाप परस्पर फिटेल — असा माझा हिशेब. त्या दिवशी त्याच्या घरी हेच चाललं होतं. सुमनवहिनींनी कप माझ्यापुढे आदळला.

"पुरे करा, भावजी! हसं यांचं होतं, गंमत तुमची होते. दुसऱ्याच्या हातात बटण देऊन मागे उभं राहायला काय लागतं हो तुमचं?"